बंदरातली इमारत आधी कॉम्प्युटरमध्ये बांधली तर वीज कशी वाचते?

एक प्रवासी टर्मिनल डोळ्यासमोर आणा. जहाज पहाटे पाचला लागणार म्हणून रात्री तीनपासून हॉलचा एसी फुल सोडलाय, सगळे दिवे लावलेत, सरकते जिने चालू आहेत. आणि जहाज सहा तास लेट. ऑपरेशनवाल्यांना हे आदल्या संध्याकाळीच माहीत होतं, त्यांच्या स्क्रीनवर जहाज कुठं पोचलंय ते दिसत असतं, पण इमारतीला कोण सांगणार? ती बिचारी सहा तास रिकाम्या खुर्च्या गार करत बसते. महिन्याच्या शेवटी बिल येतं, त्यात एक मोठा आकडा असतो, तो बघून कुणीतरी म्हणतं की चिलर, म्हणजे एसीचा गारवा तयार करणारं मुख्य यंत्र, जुना झालाय, नवीन घेऊया.

मला विचाराल तर या सगळ्या विषयाचं मूळ इथंच आहे. बंदराला सगळं माहीत असतं आणि बंदरातल्या इमारतीला काहीच माहीत नसतं. डिजिटल मॉडेल, बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग), डिजिटल ट्विन वगैरे जे शब्द आजकाल कानावर पडतात ते शेवटी ही फट बुजवायलाच आहेत, पण तिथपर्यंत जाताना मध्ये बऱ्याच गंमती आहेत, त्या एकेक बघू.

आधी एक खरं सांगून टाकतो. कंटेनर टर्मिनलमध्ये वीज सगळ्यात जास्त कोण खातं तर क्रेन आणि रीफर, म्हणजे थंड माल ठेवायचे ते फ्रिजवाले कंटेनर. एकेक रीफर प्लगला लावला की सतत काही किलोवॅट ओढत बसतो आणि असे शेकडो उभे असतात. त्यापुढे ऑफिस, गोदाम, वर्कशॉप, कंट्रोल रूम, गेटवरच्या केबिनी, चेंजिंग रूम हे सगळं किरकोळ वाटतं. मग इमारतींच्या मागं लागायचं कशाला? कारण क्रेन कमी चालवा असं कुणी सांगू शकत नाही, आलेला माल उतरवायलाच लागतो. इमारतीचं तसं नाही, रिकाम्या हॉलचा एसी बंद केला तर जगातल्या कुठल्याच जहाजाचं काही अडत नाही. शिवाय बंदरातल्या इमारती चोवीस तास जाग्या असतात, साध्या ऑफिससारखं संध्याकाळी सहाला कुलूप नाही, त्यामुळे थोडी थोडी गळती पण वर्षभरात मोठी होते. सगळं जग धरलं तर इमारती वापरताना लागणारी ऊर्जा ही एकूण ऊर्जावापराच्या साधारण ३० टक्के आहे असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सांगते, म्हणजे विषय अगदीच फुटकळ नाही.

आता हे मॉडेल म्हणजे नक्की काय. बीआयएमला बोलताना बरेच जण नुसतं बिम म्हणतात आणि साइटवर त्याचा भलताच गोंधळ होतो, तिथं बीम म्हणजे स्लॅबखालची तुळई, त्यामुळे बिम दाखवा म्हटलं की माणूस वर छताकडे बघायला लागतो. असो. साध्या ड्रॉइंगमध्ये भिंत म्हणजे कागदावरच्या दोन रेघा. त्या रेघांना आपण भिंत आहोत हे माहीत नसतं. बीआयएममध्ये त्या भिंतीला स्वतःची ओळख असते: जाडी किती, आत कुठले थर, बाहेरचं तोंड पश्चिमेला की उत्तरेला, अलीकडे कुठली खोली आणि पलीकडे कुठली. तशीच ओळख खिडकीला, छताला, पंपाला, दिव्याला. म्हणजे तुम्ही मॉडेलला प्रश्न विचारू शकता, की पश्चिमेकडची काच एकूण किती चौरस मीटर आहे, आणि ते मोजून सांगतं. इमारत रेघांऐवजी वस्तूंच्या आणि त्यांच्या माहितीच्या रूपात कॉम्प्युटरमध्ये ठेवायची ही कल्पना चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्येच मांडली होती, पण ती रोजच्या कामात यायला कॉम्प्युटर स्वस्त व्हावे लागले.

अडचण अशी की आर्किटेक्टचं सॉफ्टवेअर वेगळं, एसीवाल्याचं वेगळं, बंदराच्या मेंटेनन्सवाल्याचं आणखी वेगळं. म्हणून आयएफसी नावाची एक सामायिक भाषा आहे, फाइल त्यात काढली की बाकीच्यांना वाचता येते. ती २०१३ मध्ये पूर्ण आयएसओ मानक झाली, नंबर १६७३९. बंदरवाल्यांसाठी मजेची गोष्ट म्हणजे या भाषेत आधी बंदराचे शब्दच नव्हते! भिंत होती, दार होतं, पण धक्का, जेटी, जहाज बांधायचा खुंट यांना नाव नव्हतं, मग लोक ते ‘इतर’ या नावाखाली घुसडायचे. २०२४ च्या आवृत्तीत बंदरं आणि जलमार्ग रीतसर आले. आता इमारत आणि तिच्या शेजारचा धक्का एकाच भाषेत लिहिता येतात.

पण नुसत्या बीआयएमनं वीज वाचत नाही हे आधीच समजून घ्या, कारण सेल्सवाले रंगीत फिरती इमारत दाखवतात आणि समोरचे साहेब खूश होतात. बीआयएम सांगतं की इमारत कशी आहे. ती किती वीज खाईल हे सांगायला दुसरं मॉडेल लागतं, एनर्जी मॉडेल. ते वर्षाचे ८७६० तास एकेक करून इमारत जगून बघतं. या तासाला बाहेर किती ऊन, वारा कुठून, आत माणसं किती, दिवे किती, काचेतून किती गरमी आली, छतातून किती, मग २४ डिग्री ठेवायला एसीला किती काम पडलं, पुढचा तास. असं करत वर्ष संपतं आणि मग हिशोब मिळतो की एकूण विजेतली काचेमुळं किती गेली, माणसांमुळं किती, दिव्यांमुळं किती. बिलात जो एक आकडा होता त्याचे असे तुकडे पडतात. एनर्जीप्लस नावाचं असं एक इंजिन आहे, अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं काढलेलं, २००१ पासून फुकट मिळतं, आणि बऱ्याच महागड्या सॉफ्टवेअरच्या पोटात शेवटी तेच चालत असतं.

बीआयएम आहे म्हणजे बटण दाबलं की एनर्जी मॉडेल तयार, असं ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तिथंच सगळ्यात जास्त घाम निघतो. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये दाराच्या मुठी, रेलिंग, टाइल्सच्या सांध्यापर्यंत सगळं असतं, जे ऊर्जेच्या हिशोबाला काडीचंही लागत नाही, आणि जे लागतं ते, म्हणजे प्रत्येक खोली सगळ्या बाजूंनी नीट बंद आहे का, ते निसटलेलं असतं. माझ्या एका मॉडेलमध्ये छताची स्लॅब भिंतीपासून दोन सेंटिमीटर वर तरंगत होती. स्क्रीनवर डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण सॉफ्टवेअरनं त्या खोलीला छतच नाही असं धरलं आणि एसीचा लोड असला काहीतरी अचाट आला की दोन दिवस मी काचेचे गुणधर्म, माणसांची संख्या, हवामानाची फाइल सगळं तपासत बसलो. शेवटी मॉडेल आडवं कापून बघितलं तेव्हा ती फट दिसली. तेव्हापासून आधी खोल्या बंद आहेत का बघतो, मग बाकीचं.

नवीन इमारत असेल तर हे सगळं जमतं. बंदरात बहुतेक इमारती जुन्या, मूळ ड्रॉइंग हरवलेली, आणि सापडली तरी त्यानंतर चार वेळा तोडफोड झालेली. मग लेझर स्कॅनर फिरवतात. तो तिपाईवर उभा राहून सगळीकडे किरण सोडतो आणि कोट्यवधी ठिपक्यांमधून इमारतीचा आकार पकडतो, त्या ठिपक्यांवरून माणूस बसून मॉडेल बांधतो. अचूक असतं, मिलिमीटरच्या हिशोबात, पण स्कॅनरला फक्त कातडी दिसते. भिंतीच्या आत इन्सुलेशन आहे की पोकळी आहे, पत्र्याखालची ग्लासवूल ओली होऊन खाली बसलीय का, हे त्याला काय कळणार. त्यासाठी थर्मल कॅमेरा, एखाद्या ठिकाणी भोक पाडून बघणं, आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तिथं वर्षानुवर्षं काम केलेला वायरमन. कुठला एसी कुठल्या खोलीला जातो, कुठला डॅम्पर, म्हणजे हवेच्या नळातली झडप, कायमचा जाम आहे, कुठल्या खोलीत कुणी स्वतःच्या खर्चानं पंखा लावलाय हे त्याला तोंडपाठ असतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, मॉडेलचं अगदी तसंच आहे.

आता बंदर म्हणून काय वेगळं. इथं मी जरा जास्त रेंगाळणार आहे कारण साध्या ऑफिस बिल्डिंगची ठरलेली गृहीतकं उचलून बंदरात वापरली की हमखास फसायला होतं.

पहिलं म्हणजे दार. सॉफ्टवेअरमध्ये हवेच्या गळतीचा एक ठरीव आकडा असतो, समजा तासाला ०.३ वेळा खोलीतली हवा बदलते. १०,००० घनमीटरचा हॉल असेल तर तासाला ३००० घनमीटर हवा फटीफटीतून आत येते असं ते धरतं. ठीक आहे. आता त्याच हॉलचं पाच चौरस मीटरचं एक सरकतं दार बॅगांच्या ट्रॉल्यांसाठी उघडंच ठेवलंय आणि त्यातून वारा येतोय फक्त सेकंदाला २० सेंटिमीटर वेगानं, म्हणजे अंगाला जाणवणारही नाही इतका हळू. तरी ते दार एकटंच तासाला ३६०० घनमीटर हवा आत घेतं, अख्ख्या इमारतीच्या फटींपेक्षा जास्त. बाहेर ३३ डिग्री आणि ७५ टक्के दमटपणा, आत २४ डिग्री आणि ५५ टक्के ठेवायचं असेल तर तेवढी हवा गार आणि कोरडी करायला साधारण ५० किलोवॅटचं कूलिंग लागतं, म्हणजे चौदा टन, म्हणजे दीड टनाचे नऊ-दहा एसी फक्त त्या एका दारासाठी! विजेच्या भाषेत १७ किलोवॅटच्या आसपास, दहा तास उघडं राहिलं तर १७० युनिट. आणि समोरासमोर दोन दारं उघडी असतील तर वारा असा सावकाश येत नाही, आरपार जातो.

या ५० किलोवॅटमध्ये एक गंमत लपलेली आहे. त्यातला साधारण पाचवा हिस्साच हवा गार करण्यात जातो, बाकी चार हिस्से हवेतलं पाणी काढण्यात. समुद्राकाठची हवा गरम कमी आणि ओली जास्त, त्यामुळे थर्मोमीटर बघून बंदराचा एसी समजत नाही. खोली २४ डिग्रीला आहे, सगळं ठीक दिसतं, तरी लोक चिकचिक होतंय म्हणून ओरडतात, मग कुणीतरी सेटिंग २० वर नेतं, आणि वीज आणखी जाते. चांगल्या मॉडेलमध्ये ओलाव्याचा हिशोब वेगळा ठेवलेला असतो. तो नसेल तर ते मॉडेल बंदरासाठी निरुपयोगी, असं मी बेधडक म्हणेन.

दुसरं मीठ. एसीचं बाहेरचं युनिट, म्हणजे कंडेन्सर, गरमी बाहेर टाकतं ते ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांमधून. खाऱ्या वाऱ्यानं ती पाती कुरतडली जातात, त्यात यार्डातली धूळ आणि ट्रकचा धूर मिठाला चिकटून बसतो. मग गरमी बाहेर पडत नाही, कंडेन्सरच्या आतलं म्हणजे कंडेन्सिंगचं तापमान चढतं आणि कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो. साधारण हिशोब असा की कंडेन्सिंगचं तापमान एका डिग्रीनं चढलं की २ ते ३ टक्के वीज जास्त. पाच-सहा डिग्री चढायला बंदरात फार दिवस लागत नाहीत. कॅटलॉगमधला कार्यक्षमतेचा आकडा नव्या कोऱ्या पात्यांचा असतो आणि मॉडेल करणारा तोच बिनधास्त टाकतो. मॉडेलमध्ये यंत्रं कधी म्हातारी होत नाहीत, आपण मुद्दाम म्हातारी केल्याशिवाय. तेच छताच्या पांढऱ्या रंगाचं. नवीन असताना तो बहुतेक ऊन परत फेकतो, पण काजळी आणि धूळ बसून काही वर्षांत त्याची चमक बरीच उतरते, तेव्हा हिशोब उतरलेल्या चमकीवर करायचा.

तिसरं हवामान. एनर्जी मॉडेलला तासातासाचं हवामान लागतं आणि ती फाइल बहुतेक वेळा जवळच्या विमानतळाच्या वेधशाळेची असते. विमानतळ आत, जमिनीवर, बंदर पाण्यावर. वारा वेगळा, दमटपणा वेगळा, दुपारचं तापमान दोन-तीन डिग्रीनं इकडंतिकडं. बंदरात तर जहाजांसाठी स्वतःचं हवामान यंत्र असतंच, वाऱ्याचा वेग तर क्रेनसाठी क्षणाक्षणाला मोजतात, तरी तो डेटा इमारतीच्या मॉडेलपर्यंत पोचत नाही. पुन्हा तेच, बंदराला माहितीय पण इमारतीला नाही.

अजून एक बारीक गोष्ट जी मला फार आवडते. शेजारच्या इमारतीची सावली मॉडेलमध्ये धरतात. बंदरात शेजारी कोण, तर कंटेनरची थप्पी. साधा कंटेनर २.५९ मीटर उंच, पाच एकावर एक लावले की तेरा मीटरची भिंत झाली, म्हणजे चार मजली बिल्डिंग. आज आहे, परवा नाही! यार्डाच्या कडेच्या ऑफिसला कधी दिवसभर सावली तर कधी पश्चिमेचं सगळं ऊन अंगावर. अशा ठिकाणी मी थप्पी नाहीच असं धरून मॉडेल करतो.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, माणसांचं वेळापत्रक. साध्या ऑफिसात नऊ ते सहा हे ठरलेलं. प्रवासी टर्मिनलमध्ये तीन हजार लोक दोन-तीन तासांत उतरतात, एकेक माणूस साधारण १२० वॉट गरमी टाकतो, झाले ३६० किलोवॅट, म्हणजे नुसत्या माणसांसाठी शंभर टन कूलिंग. जहाज गेलं की शून्य. यंत्रणा त्या तीन तासांसाठी घेतलेली असते आणि उरलेल्या दिवसात ती हत्तीच्या ताकदीनं मुंगी उचलत असते. मोठा चिलर कमी लोडवर सारखा चालू बंद होतो, ओलावा नीट काढत नाही, आणि तेवढ्याच गारव्याला वीज जास्त घेतो. मॉडेलमध्ये नऊ ते सहा टाकलं तर वर्षाचा आकडा योगायोगानं जुळेलही, पण कुठल्या तासाला काय होतंय ते साफ चुकेल, आणि उपाय तासावरच अवलंबून असतात.

मॉडेल खरं बोलतंय का हे कसं कळणार? मीटरशी ताडून बघायचं. यासाठी अश्रे (ASHRAE) या एसी-हीटिंगवाल्या इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेची १४ नंबरची गाइडलाइन लोक वापरतात. महिन्याच्या बिलांशी जुळवताना एकूण झुकाव ५ टक्क्यांच्या आत आणि महिन्यामहिन्याची चूक १५ टक्क्यांच्या आत असावी. दोन वेगळे आकडे कशाला? कारण मॉडेल एका महिन्यात जास्त सांगेल, दुसऱ्यात तेवढंच कमी, आणि वर्षाची बेरीज छान जुळल्यासारखी दिसेल. दुसरा आकडा ही चोरी पकडतो. तरीही एक पळवाट उरतेच. मॉडेलमध्ये शंभर स्क्रू असतात, हा थोडा पिळा, तो थोडा सोडा, आकडा जुळतो. शाळेत पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून मधल्या पायऱ्या जुळवायचो ना, तस्सं. उत्तर बरोबर, पायऱ्या बोगस. म्हणून फक्त मुख्य मीटर पुरत नाही, एसी, दिवे, प्लग, कोल्ड स्टोरेज यांना वेगवेगळे सबमीटर लागतात, निदान मोठ्या इमारतींना तरी. माझं मत असं की ज्यांच्याकडे सबमीटर नाहीत त्यांनी सॉफ्टवेअरचे पैसे आधी मीटरवर खर्च करावेत.

एकदा मॉडेल भरवशाचं झालं की मग खरी मजा येते, कारण आता इमारतीवर प्रयोग करता येतात आणि कुणाला त्रास होत नाही. सुरुवातीचा तो चिलर घ्या. जुना झालाय, नवीन घेऊया. मॉडेलमध्ये नवीन चिलर टाकून बघा, समजा वीज थोडी उतरली. आता चिलर जुनाच ठेवा आणि दाराला हवेचा पडदा लावा किंवा दोन दारांच्या मध्ये छोटी लॉबी करा, पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली द्या, दिवे एलईडी करा. लोडच इतका उतरतो की नवीन चिलर घ्यायचा झाला तरी बराच छोटा पुरतो. आधी चिलर घेतला असता तर आजार म्हशीला आणि औषध पखालीला, वर तो मोठा चिलर पुढची वीस वर्षं गळ्यात.

दुसरी एक चूक मॉडेल वाचवतं ती बेरजेची. प्रत्येक विक्रेता आपापली टक्केवारी सांगतो, दिव्यांनी इतके वाचतील, फिल्मनं इतके, नव्या पंख्यांनी इतके, आणि ऑफिसात कुणीतरी त्या सगळ्यांची बेरीज करतं. ती होत नाही. दिवे एलईडी केले की ते कमी तापतात, म्हणजे एसीचं काम आधीच कमी झालं, मग काचेची फिल्म लावून जे वाचणार होतं त्यातलं थोडं उरलंच नाही. थंड देशातल्या बंदरात तर उलटं, जुने दिवे हॉल गरम ठेवायला मदत करत होते, एलईडी लावल्यावर हीटिंगचं बिल थोडं वाढतं. हे सगळे एकमेकांत अडकलेले धागे कागदावर सुटत नाहीत.

पंख्यांचं गणित मात्र सगळीकडे गोड आहे. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज निम्म्यावर येते, ५१ टक्के, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. जहाज नसताना टर्मिनलचे पंखे पूर्ण वेगानं फिरवायचं काही कारण नसतं, पण वेग बदलणारा ड्राइव्ह बसवलेला असूनही तो १०० वर लॉक करून ठेवलेला मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलाय. का, तर एकदा कुणीतरी तक्रार केली होती.

आता ट्विन. बीआयएम म्हणजे इमारतीची कुंडली आणि एनर्जी मॉडेल म्हणजे भविष्य असं म्हटलं तर ट्विन म्हणजे रोज नाडी बघणारा डॉक्टर. मायकेल ग्रीव्ज यांनी २००२ मध्ये कारखान्यातल्या वस्तूंसाठी ही कल्पना मांडली, खरी वस्तू आणि तिचं कॉम्प्युटरमधलं जुळं भावंड, दोघांत माहितीची सतत ये-जा. बंदरात रॉटरडॅमचं नाव यात पहिलं घेतात, आयबीएमबरोबर त्यांनी २०१८ मध्ये असं काम सुरू केलं, पण तिथला भर होता पाणी, भरती-ओहोटी, वारा आणि जहाज कधी लागेल यावर. इमारतींना तोच डेटा दिला तर काय होईल, आपला मुद्दा तो.

इमारतीसाठी ट्विनचं रोजचं काम अगदी साधं असतं. समजा रात्री दोन वाजता मॉडेल म्हणतंय की आज जहाज नाही, बाहेर इतकी हवा, तेव्हा या इमारतीनं ४० किलोवॅट घ्यायला पाहिजेत, आणि मीटर दाखवतोय ९०. हे ५० कुठं चाललेत? तिथून शोध सुरू होतो, आणि बहुतेक वेळा निघतं काय तर एखादं दार, एखादा अडकलेला व्हॉल्व्ह, किंवा सफाईवाल्यांसाठी सगळा मजला उजळून ठेवलेला. कोल्ड स्टोरेजच्या दाराला लोहचुंबकाचा छोटा स्विच लावला की दार किती मिनिटं उघडं होतं ते कळतं, सेन्सर अगदी किरकोळ असतो, पण मॉडेलमध्ये त्याचा आकडा गेला की कुठल्या शिफ्टला काय होतंय ते डोळ्यासमोर येतं. इथं जरा जपून मात्र, हा आकडा कामगारांना धरायला वापरला की दुसऱ्या दिवशी स्विचला चिकटपट्टी लागते.

पुढं एक मोठं कारण येतंय ते म्हणजे जहाजांना धक्क्यावरून वीज देणं. युरोपात २०३० पासून मोठ्या बंदरांत उभ्या असलेल्या कंटेनर आणि प्रवासी जहाजांना स्वतःचं इंजिन चालवण्याऐवजी किनाऱ्याची वीज घ्यायला लागणार आहे, आणि एक मोठं क्रूझ जहाज काही मेगावॅट ओढतं. म्हणजे जहाज लागलं की नेमकं त्याच वेळी टर्मिनलचा एसी फुल, सरकते जिने फुल, आणि वर जहाजाची वीज. सगळे एकदम. अशा वेळी इमारत आधी दोन तास थोडी जास्त गार करून ठेवता येते, भिंती आणि फरशी तो गारवा धरून ठेवतात, आणि जहाज लागलं की एसी जरा ढिला सोडता येतो. किती आधी, किती डिग्री, आणि थंड पृष्ठभागावर पाणी तर धरणार नाही ना, हे मॉडेलशिवाय सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से.

पण यातलं एकही काम मॉडेल शिळं असेल तर होत नाही. इमारत हातात घेताना काँट्रॅक्टरकडून सुंदर मॉडेल मिळतं, सहा महिन्यांनी कुणीतरी हॉलच्या मध्ये पार्टिशन टाकतं, थर्मोस्टॅट पार्टिशनच्या पलीकडे राहतो, आता तो एका रिकाम्या स्टोअर रूमचं तापमान बघून अख्ख्या ऑफिसचा एसी चालवतोय. मॉडेलमध्ये पार्टिशनच नाही, त्यामुळे मॉडेल म्हणतंय सगळं ठीक. २०१८ मध्ये आलेलं आयएसओ १९६५० हे मानक नेमकं याच्याबद्दल आहे, कुठली माहिती कोण देणार, कोण तपासणार, बदल झाला तर कोण नोंदवणार. वाचायला महाकंटाळवाणं आहे, पण निदान एका माणसाच्या नावावर ही जबाबदारी लिहून ठेवायला पाहिजे, आणि तो माणूस बाहेरच्या कन्सल्टंटचा नको, मेंटेनन्समधलाच हवा, कारण पार्टिशनची परवानगी मागायला लोक त्याच्याकडेच येतात.

छोट्या केबिनी, गेट ऑफिस, स्टोअर यांच्यासाठी हे काही करू नका. तिथं टायमर लावा, पत्र्याखाली इन्सुलेशन टाका, फटी बुजवा, झालं. मॉडेल टर्मिनलला, कोल्ड स्टोरेजला, मोठ्या ऑफिसला शोभतं, जिथं यंत्रं मोठी आहेत आणि माणसांची गर्दी लाटेसारखी येते-जाते.

आणि तेही जमायला वेळ लागणार असेल तर तोवर एक करता येतं. जहाजाच्या येण्याची बदललेली वेळ ऑपरेशनच्या खोलीत ज्या क्षणी स्क्रीनवर येते, त्याच क्षणी ती दोन मजले खाली एसी चालवणाऱ्याच्या मोबाइलवर पण जाईल अशी सोय करा. साधा मेसेज चालेल, ‘जहाज ११ ला, एसी ९ ला’. पुढं ट्विन बसवला तरी त्याला पहिला डेटा हाच लागणार आहे.